विटकरी रंगाची टेस्ट ट्यूब

मी निपाणी भागातला, वेदगंगेकाठी आमचा ऊस आणि मळ्यातच गुऱ्हाळ. दहावीला सरांनी कार्बनच्या संयुगांचा धडा काढला त्याच आठवड्यात आमचं एक आदण (काहिलीत एका वेळी आटवायचा रस) फसलं, म्हणजे पावसानं गाड्या अडकल्या, तोडलेला ऊस तीन दिवस बांधावर पडला आणि मग गाळला, तर काहिलीत पाक आटून करपायला आला तरी गूळ काही बसेना, ढेप धरायच्या ऐवजी नुसता चिकट लोळागोळा. आप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

मी भीत भीत सरांना विचारलं. सर म्हणाले, "उद्या डब्यातनं थोडा घेऊन ये, घरची साखर पण आण चमचाभर."

दोन टेस्ट ट्यूब, दोन्हीत बेनेडिक्टचं निळं द्रावण, एकीत साखरेचं पाणी, दुसरीत आमचा गूळ विरघळवलेला. उकळत्या पाण्यात धरल्या. साखरेची निळीच राहिली, आमची हिरवी झाली, मग पिवळी आणि बघता बघता पक्की विटकरी. सगळा वर्ग बाकावर चढलेला. मग सरांनी साखरेच्या पाण्यात ॲसिडचे थेंब टाकून उकळलं, सोड्यानं ॲसिड मारलं आणि परत टेस्ट केली, आता तीही विटकरी! साखर म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी; जोडी अखंड असली की द्रावण निळंच राहतं, फुटली की विटकरी होतं. तोडलेल्या उसातलं इन्व्हर्टेज नावाचं एन्झाईम ती जोडी फोडत राहतं, रस आंबला की आणखी फुटते, आणि फुटलेली साखर ओलावा ओढते, गुळाचा दाणा बसू देत नाही. आमचा गुळव्या रसात चुन्याची निवळी घालतो ती रसाचा आंबटपणा मारून जोडी फुटू नये म्हणून, हे मला त्या दिवशी कळलं, लहानपणापासून बघत होतो तरी!

सर सांगायचे, १८२८ साली व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं युरिया प्रयोगशाळेत बनवला, सजीवांतलंच द्रव्य, पण जिवाशिवाय बनलं, आणि त्याच साली जर्मनीत तंबाखूतनं निकोटीन वेगळं काढलं. तंबाखूच्या वखारींच्या गावात हे ऐकताना अंगावर काटा यायचा, आमच्या गल्लीतल्या वासाला पण रेणू आहे म्हणून.

पुढं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सगळं इंग्लिशमध्ये आलं, कर्बोदकं कार्बोहायड्रेट झाली, प्रथिनं प्रोटीन, मराठी मीडियमची आम्ही पोरं पहिले चार महिने नुसती वहीत उतरवत होतो. पण बायोमॉलिक्यूल्सचा धडा आला तेव्हा मला एक शब्द पाठ करावा लागला नाही, डोळ्यापुढं काहील होती.

आता मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. फेहलिंगचं टायट्रेशन, म्हणजे फुटलेली साखर मोजायची चाचणी, रोजचंच, तरी तो विटकरी रंग उतरला की हात क्षणभर थांबतोच.

गेल्या जानेवारीत सरांच्या घरी काकवीचा डबा घेऊन गेलो. सरांनी झाकण उघडलं, बोट बुडवून चाखली आणि विचारलं, "ऊस कधी तोडलेला रे?"

"आज सकाळी, सर."