तुम्ही विचारलंत म्हणून : कापेनगुरियाचा खटला कायद्याने चालला नव्हता का?

जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजूला मी तीस वर्षांहून अधिक काळ वकिली केली आणि त्याच काळात पूर्व आफ्रिकेतल्या ब्रिटिश न्यायालयांच्या जुन्या खटल्यांचा अभ्यास करण्याचा नाद मला लागला. त्यामुळे कनिष्ठ वकील, कायद्याचे विद्यार्थी आणि क्वचित घरची मंडळीही मला एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. ब्रिटिश वसाहत असलेल्या केनियात, कापेनगुरिया या गावी, स्वातंत्र्य चळवळीचे नेते जोमो केन्याटा आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांवर १९५२-५३ साली जो खटला चालला, त्यात आरोपींना नामांकित वकील मिळाले, साक्षीदारांची उलटतपासणी झाली, निकालपत्र लिहिले गेले, अपील झाले, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचे, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या अपील न्यायालयाचे, दारही ठोठावता आले. मग त्याला तुम्ही अन्याय का म्हणता? प्रश्न रास्त आहे. फौजदारी प्रक्रियेवर ज्याचा विश्वास आहे, त्यानेच तो विचारावा असा आहे, आणि माझाही त्या प्रक्रियेवर विश्वास असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे.

या विषयाकडे मी वळलो तो मुंबईमुळे. मुंबई उच्च न्यायालयाचे जुने निकाल चाळताना झांजिबारहून आलेली अपिले दिसली आणि मी थबकलो. समुद्रापलीकडचे ते बेट आपल्या उच्च न्यायालयाच्या कक्षेत कसे आले, हे शोधताना कळले की तिथले ब्रिटिश वकिलातीचे न्यायालय मुंबई इलाख्यातले एखादे जिल्हा न्यायालय असावे तसे मानले जात होते आणि १९१४ पर्यंत त्याची अपिले मुंबईला येत होती. १८९७ नंतर पूर्व आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरही भारतीय कायदे लागू झाले. आपला १८६० चा दंडविधान कायदा केनियात १९३० पर्यंत चालू होता, आणि भारतीय पुरावा कायदा तर केन्याटांच्या खटल्याच्या वेळीही तिथे अमलात होता. म्हणजे कापेनगुरियाच्या त्या खोलीत पुराव्यावरून जे वाद झाले, ते ज्या कायद्यावर मी आयुष्यभर युक्तिवाद केले त्याच कायद्यावर झाले. हा विषय मला परका वाटला नाही, त्याचे कारण एवढेच.

कायद्याबरोबर आणखी एक गोष्ट हिंदुस्थानातून तिकडे गेली, ती म्हणजे असेसरची पद्धत. आपल्याकडे सत्र न्यायालयात खटला ज्युरीपुढे तरी चाले किंवा असेसरांच्या मदतीने तरी. ज्युरीच्या निर्णयाला वजन होते. असेसर मात्र केवळ मत देत आणि ते मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. ज्युरीत कोण बसणार हा प्रश्न किती निर्णायक असतो, हे मराठी माणसाला सांगायला नको. १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या खटल्यात नऊ जणांच्या ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते, आणि टिळक दोषी ठरले ते सात विरुद्ध दोन अशा बहुमताने. केनियात हा भेद उघडपणे वर्णावर बेतलेला होता. ज्युरीपुढे खटला चालवून घेण्याचा हक्क तिथे फक्त युरोपीय आरोपीला होता; आफ्रिकी आणि भारतीय आरोपींच्या वाट्याला न्यायाधीश आणि असेसर येत. तीन असेसरांनी एकमुखाने ‘निर्दोष’ म्हटले तरी न्यायाधीश त्या माणसाला फाशी देऊ शकत असे, आणि तसे करणे पूर्णपणे कायदेशीर असे.

केन्याटांच्या वाट्याला हे असेसरही आले नाहीत. गव्हर्नर एव्हलिन बेअरिंग यांनी २० ऑक्टोबर १९५२ रोजी आणीबाणी जाहीर केली आणि त्याच रात्री धरपकड सुरू झाली. केन्याटा, बिल्दाद काग्गिया, फ्रेड कुबाई, पॉल न्गेई, कुंगु करुम्बा आणि अचिएंग ओनेको या सहा जणांवर माऊ माऊ ही, किकुयू समाजात शपथा देऊन ब्रिटिश सत्तेविरुद्ध उभी राहिलेली, बेकायदा संघटना चालवल्याचा आरोप ठेवण्यात आला. या आरोपाची कमाल शिक्षा सात वर्षे असल्यामुळे खटला सर्वोच्च न्यायालयात न नेता मॅजिस्ट्रेटपुढे चालवता आला, आणि मॅजिस्ट्रेटपुढे ज्युरी नाही, असेसर नाही. वस्तुस्थिती काय, कायदा काय आणि शिक्षा किती, हे तिन्ही एकच माणूस ठरवणार. जो खटला सरकारच्या लेखी त्या वसाहतीतला सर्वांत मोठा होता, तो खालच्या पायरीवरच्या न्यायालयात चालला. हा निर्णय पहिल्या साक्षीदाराने शपथ घेण्याच्या कितीतरी आधी झालेला होता आणि तो कोणत्याही उलटतपासणीच्या आवाक्यात नव्हता.

मॅजिस्ट्रेट म्हणून नेमले गेले ते रॅन्स्ली थॅकर, म्हणजे केनियाच्या सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेले न्यायाधीश. या एका खटल्यासाठी त्यांना परत बोलावण्यात आले. खटल्यानंतर त्यांना सरकारकडून वीस हजार पौंड मिळाल्याचे इतिहासकारांनी लिहिले आहे. मी त्या रकमेवर माझे उत्तर उभे करणार नाही. या खटल्यापुरता न्यायाधीश त्याच सरकारने निवडावा, ज्याने आरोपींना पकडले आणि ज्याला त्यांची शिक्षा हवी आहे, एवढे मला पुरेसे वाटते.

ठिकाणाची निवडही अशीच बोलकी आहे. आरोपींची माणसे, त्यांचे साक्षीदार आणि ज्या सभांचा उल्लेख पुराव्यात येणार होता त्या सभांच्या जागा बहुतांशी नैरोबीत आणि किकुयू मुलखात होत्या. खटला मात्र तिथून सुमारे चारशे किलोमीटर दूर, उत्तरेला कापेनगुरियात ठेवला गेला. तो प्रदेश बंदिस्त जिल्हा होता, परवान्याशिवाय तिथे पाऊल ठेवता येत नसे. उतरायला हॉटेल नव्हते, रेल्वे नव्हती. न्यायालय शाळेच्या इमारतीत भरवले होते. बचावाचे वकील जवळच्या, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या किटाले गावात मुक्काम करून रोज ये-जा करीत, आणि तिथेही गोऱ्या वकिलाला जिथे जागा मिळे तिथे त्याच्या आफ्रिकी व भारतीय सहकाऱ्यांना मिळत नसे. ज्याने फौजदारी खटला चालवला आहे त्याला याचा अर्थ लगेच कळेल. रात्री आठ वाजता पक्षकाराच्या भावाला निरोप धाडून सकाळी एखादा कागद मागवता येणे, संध्याकाळी सहकाऱ्यांसोबत बसून दुसऱ्या दिवशीच्या साक्षीदाराची तयारी करता येणे, बचावाचा साक्षीदार न घाबरता न्यायालयापर्यंत पोहोचणे, या गोष्टी कोणत्याही संहितेत लिहिलेल्या नसतात, पण त्यांच्यावाचून बचाव उभा राहत नाही.

बचावाची फळी मात्र खरोखर अभिमान वाटावा अशी होती. इंग्लंडहून डी. एन. प्रिट आले, भारतातून दिवाण चमनलाल, नायजेरियाहून एच. ओ. डेव्हिस, जमैकाचे डडली थॉम्प्सन, नैरोबीचे ए. आर. कपिला आणि जसवंत सिंग. आणि यांत सर्वांत तरुण असलेले फिट्झ डिसोझा, ज्यांचा जन्म मुंबईत एका गोवेकर कुटुंबात झाला होता आणि जे पुढे स्वतंत्र केनियाच्या संसदेचे उपसभापती झाले. खटल्यातल्या अडचणींबद्दल प्रिट यांनी ब्रिटिश संसदेच्या काही सदस्यांना तार केली आणि हा न्याय नाकारण्याचाच प्रकार असल्याचे कळवले, तेव्हा कामकाज थांबवून त्यांच्यावरच न्यायालयाच्या अवमानाची कारवाई झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. तुम्ही म्हणता की वकील मिळाले होते. मिळाले होते, हे खरेच. पण मुख्य वकील खटला चालू असताना काही काळ स्वतःच आरोपीच्या जागी होता, हेही त्याच नोंदींत आहे.

दुभाषाच्या प्रश्नावर मला थोडे थांबायचे आहे. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एका कातकरी तरुणाचा खटला होता. साक्षीपुरावा संपल्यावर आरोपीचा जबाब घेतात, तेव्हा त्याने प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर दिले. ‘तुमच्याविरुद्ध खोटी केस झाली आहे काय’ यालाही ‘हो’ आणि त्याआधीच्या, थेट गुन्ह्याबद्दलच्या प्रश्नांनाही ‘हो’. प्रश्न न्यायालयीन मराठीत होते आणि त्याची मराठी वेगळी होती. मोठ्या माणसाने विचारले की हो म्हणायचे, एवढेच त्याला ठाऊक होते. ती उत्तरे लिहून झाल्यावर मला हे उमगले आणि दुरुस्तीसाठी मला बरेच झगडावे लागले. एकाच राज्यातल्या, एकच भाषा बोलतो असे समजणाऱ्या माणसांची ही गत होती.

कापेनगुरियात इंग्रजी आणि किकुयू यांच्यामधला पूल म्हणून सरकारने लुई लीकी यांना दुभाषा नेमले. ते केनियातच जन्मलेले नामवंत शास्त्रज्ञ होते आणि किकुयू भाषा त्यांना मातृभाषेसारखी येत होती, यात शंका नाही. पण माऊ माऊच्या विरोधात जाहीरपणे लिहिणारेही तेच होते. बचाव पक्षाने त्यांच्या भाषांतरावर आक्षेप घेतले, ते वाद वाढत गेले आणि शेवटी लीकी बाजूला झाले. लीकी अप्रामाणिक होते असे मी म्हणत नाही. शपथ, एकजूट, जमीन असे शब्द एका भाषेतून दुसरीत नेताना त्यांत धमकी ऐकू येते की प्रार्थना, हे दुभाषाच्या कानावर ठरते, आणि ज्या खटल्यात गुन्हाच शब्दांचा आणि शपथेचा होता, तिथे तो कान एका पक्षाचा असून चालत नाही.

आता मुख्य साक्षीदाराकडे येतो. रॉसन माचारिया याने सांगितले की १९५० च्या मार्च महिन्यात केन्याटा इतरांना माऊ माऊची शपथ देत असल्याचे आपण पाहिले. उलटतपासणीत तो टिकला आणि थॅकर यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. बचावाने त्याची साक्ष खोडणारे साक्षीदार आणले, पण थॅकर यांना ते खरे वाटले नाहीत. १९५८ साली माचारियाने प्रतिज्ञापत्र करून आपली साक्ष खोटी होती असे सांगितले. साक्षीच्या बदल्यात त्याला इंग्लंडचा विमानप्रवास, तिथल्या विद्यापीठातला अभ्यासक्रम आणि परतल्यावर सरकारी नोकरी यांचे लेखी आश्वासन मिळाले होते, हे पुढे उघड झाले. उलटतपासणी हे सत्य शोधण्याचे उत्तम साधन आहे असे मी शिकलो आणि शिकवलेही, पण साक्षीदाराला काय देऊ केले आहे हा कागद एकाच पक्षाच्या दप्तरात असेल, तर उलटतपासणी घेणारा कितीही तरबेज असला तरी तो अंधारात चाचपडतो. प्रतिज्ञापत्रानंतर सरकारने खटला भरला तो माचारियावर, आणि तोही मूळ साक्षीबद्दल नव्हे. प्रतिज्ञापत्र खोटे आहे म्हणून त्याला तुरुंगात धाडण्यात आले.

८ एप्रिल १९५३ रोजी थॅकर यांनी सहाही जणांना दोषी ठरवून सात वर्षांची सक्तमजुरी दिली. त्यानंतरच्या अपिलाचा तुम्ही नेहमी उल्लेख करता, म्हणून तेही सांगतो. जुलैमध्ये केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, कारण थॅकर यांची नेमणूक नॉर्दर्न प्रांतासाठी होती आणि कापेनगुरिया तेव्हा रिफ्ट व्हॅली प्रांतात मोडत होते. सरकारने खास निवडलेल्या जागी, खास निवडलेल्या माणसाला बसण्याचा अधिकारच नव्हता! सरकार त्याहून वरच्या, पूर्व आफ्रिकेच्या अपील न्यायालयात गेले आणि तिथे तो निर्णय फिरला. प्रिव्ही कौन्सिलने १९५४ मध्ये अपिलाची परवानगी नाकारली.

ज्यांना असेसर मिळाले त्यांचे काय झाले, असेही कोणी विचारते. आणीबाणीतल्या खास न्यायालयांत ते असत, पण तिथे सुरुवातीची चौकशीच काढून टाकली होती. आपल्याविरुद्धचा पुरावा आरोपीला आधी ऐकता येत असे तो याच टप्प्यावर. माऊ माऊच्या गुन्ह्यांसाठी १,०९० जणांना फाशी दिले गेले. माऊ माऊचे सेनानी डेडान किमाथी यांचा खटला १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये न्येरी येथे मुख्य न्यायाधीश केनेथ ओ’कॉनर आणि तीन आफ्रिकी असेसर यांच्यापुढे चालला. आरोप रिव्हॉल्व्हर आणि काडतुसे बाळगल्याचा होता आणि आणीबाणीच्या नियमांनी त्याला मृत्युदंड ठेवला होता. खटल्याच्या महिनाभर आधीच गोळी लागून जायबंदी झालेला हा माणूस १८ फेब्रुवारी १९५७ रोजी फासावर गेला. तिथे असेसरांनीही त्यांना दोषीच मानले होते, हे मी लपवत नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की कापेनगुरियात नियम बऱ्याच अंशी पाळले गेले. परंतु न्यायालय कोणते, जागा कोणती, न्यायाधीश कोण, दुभाषा कोण आणि साक्षीदाराला काय मिळणार, हे सारे एकाच पक्षाने ठरवून झाल्यावर ते पाळले गेले. एवढे सांगितल्यावरही कोणी म्हणते की अपिलात निदान एक जण सुटला ना. तो एक म्हणजे अचिएंग ओनेको. ते लुओ समाजाचे होते, किकुयू भाषा त्यांना येत नव्हती, आणि ज्या सभांतल्या किकुयू भाषणांवरून त्यांना दोषी ठरवले गेले ती आपल्याला कळलीच नव्हती असे त्यांचे म्हणणे होते. अपील पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आल्यावर १९५४ च्या जानेवारीत त्या न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. त्यांना सोडले नाही. आणीबाणीच्या हुकुमाखाली ते लगेच स्थानबद्ध झाले आणि पुढची कित्येक वर्षे तसेच राहिले.