अण्णांच्या लॅपटॉपचा फॅन

रविवार, १० ऑगस्ट २०२५, रात्री साडेअकरा

हाताला अजून स्पिरिटचा वास येतोय आणि नखांत हळद आहे, स्वयंपाकातली नाही, लॅपटॉपमधून निघालेली. झोपायच्या आधी लिहून काढते, नाहीतर कुठला स्क्रू कुठं होता ते पुढच्या वेळी आठवायचं नाही.

हा लॅपटॉप २०१३ चा. मी सांगलीत वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला सेकंड इयरला होते तेव्हा अण्णांनी घेऊन दिलेला, तिसऱ्या जनरेशनचा इंटेल आय फाइव्ह प्रोसेसर, त्यावेळी आमच्या घरातली सगळ्यात महागडी वस्तू. नोकरी लागल्यावर मला ऑफिसचा मिळाला आणि हा अण्णांनी नेला मार्केट यार्डात. अण्णा हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी म्हणजे हिशेबाची पावती करायची, वजन, दर, हमाली, तोलाई, हातात किती पडणार, हे सगळं तीस वर्षं वहीत केलेला माणूस एका बोटानं एक्सेल शिकला आणि नंतर वहीकडं परत गेलाच नाही. गेल्या वर्षी काम सोडलं तरी एक फाइल अजून चालू आहे त्यांची, राजापुरी हळदीचा दर, सौद्याच्या प्रत्येक दिवसाचा, २०१५ पासून. कुणी सांगितलेलं नाही, स्वतःसाठीच ठेवतात. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं (४५ ला धोक्याची पातळी धरतात) तेव्हा गावभागातल्या घरातून अण्णांनी दोनच गोष्टी स्वतःच्या हातानं वर नेल्या होत्या, कागदपत्रांची पेटी आणि खताच्या पिशवीत गुंडाळलेला हा लॅपटॉप.

तर जूनमध्ये तो आधी खरखरायला लागला, मग आवाज अचानक थांबला. अण्णांना वाटलं बरा झाला. पण त्यानंतर दहा मिनिटं चालायचा आणि काही न सांगता फटकन बंद. दुकानात दाखवला तर चालू करून बघितला, बंद पडला, म्हणाले बोर्ड (आतली मुख्य सर्किटची पाटी) गेलंय, इतक्या जुन्यावर खर्च करू नका, नवीन घ्या, तसंही ऑक्टोबरच्या १४ तारखेला विंडोज १० चा सपोर्ट संपतोय आणि यावर ११ चढत नाही. शेवटचं खरं आहे, विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो. पण बोर्ड गेलंय हे मागचं झाकण न उघडता कसं कळलं? याचा मला फार राग आला, अजून आहे. अण्णा काही बोलले नाहीत, पिशवीत घालून घरी आले आणि कपाटात ठेवला.

मला मात्र ते दहा मिनिटांचं गणित खटकत होतं. बोर्ड गेलेला लॅपटॉप असा घड्याळ लावल्यासारखा कशाला बंद पडेल? थंड असला की चालू, तापला की बंद. प्रोसेसर शंभर डिग्रीच्या आसपास गेला की स्वतःला जळण्यापासून वाचवायला स्वतःच वीज तोडतो, तशी सोयच असते त्यात. म्हणून तापमान दाखवणारं एक छोटं सॉफ्टवेअर टाकलं आणि बघत बसले, ६०, ७५, ८८, ९६, आणि स्क्रीन काळी. फॅनचा आवाज शून्य. म्हणजे बिचारा बरोबर वागत होता, बिघडलेला होता तो फक्त फॅन.

उघडायच्या आधी अण्णांच्या फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या. त्यालाच एक संध्याकाळ गेली, खाली पाण्याच्या बाटलीची चार टोपणं लावून लॅपटॉप उचलला, समोर टेबल फॅन, तरी वीस मिनिटांच्या वर टिकत नव्हता. पण हे आधी करायचंच, नंतर काहीही झालं तरी फाइल हातात राहते.

स्क्रूंसाठी जुलैचं कॅलेंडरचं पान उलटं केलं, त्यावर लॅपटॉपचा आकार काढला आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथंच कागदाला भोक पाडून खोचला. एकूण सतरा, त्यातले दोन रबराच्या पायांखाली लपलेले. लांबी सारखी नाही हे महत्त्वाचं, लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर थेट बोर्डात घुसतो. आधी बॅटरी काढली. मग कीबोर्ड, त्याची ती कागदासारखी पट्टी ओढायची नाही, तिच्यावरची काळी खिट्टी नखानं हळूच उभी करायची, मग पट्टी आपोआप सैल होते. टचपॅडची खिट्टी एका बाजूनं निसटलीच माझ्या हातून, अर्धा तास चिमट्यानं परत बसवत होते, घाम फुटला होता.

आणि मग फॅन निघाला. फॅन हवा फेकतो तिथं तांब्याच्या नळीच्या टोकाला पातळ पातळ पत्र्यांची जाळी असते, त्या नळीत थोडंसं पाणी असतं, गरम टोकाला वाफ होतं आणि जाळीपाशी गार होऊन परत फिरतं, सगळी उष्णता तिथून बाहेर पडायची. ती जाळी दिसतच नव्हती. तिच्यासमोर गोधडीच्या तुकड्यासारखा जाड थर, पिवळा. पूर्ण पिवळा! यार्डात पोती ओतताना, हळकुंडं पॉलिश होताना जी धूळ उडते ती इतकी वर्षं हा ओढत होता. मी तो थर अख्खा चिमट्यानं काढून कागदावर ठेवला आणि अण्णांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावला, चिमूटभर बोटांत चोळली, वास घेतला आणि म्हणाले, "राजापुरीच की गं." मग बराच वेळ तिथंच बसून राहिले, पुढचं सगळं बघत.

ही झाली जुलैअखेरची गोष्ट. तेव्हा फॅनचं स्टिकर सोलून बेअरिंगमध्ये आईच्या शिलाई मशीनचं तेल एक थेंब सोडलं होतं, पाती फिरली, तीन दिवस छान चालला आणि चौथ्या दिवशी परत खरखर. झिजलेलं बेअरिंग तेलानं भरून येत नाही. मग स्टिकरवरचा पार्ट नंबर घालून नवा मागवला, पहिला आला तो तीन वायरींचा, आपला चारचा, परत पाठवला. दुसरा काल आला, ७२० रुपये. घेताना मॉडेलच्या नावावर जाऊ नये, नंबर आणि वायरी मोजाव्यात.

आज सकाळी बसवला. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट वाळून चुन्यासारखी कडक झालेली, ती स्पिरिटच्या कापसानं पुसली. धातू आणि चिप दोन्ही दिसायला सपाट असतात पण मध्ये बारीक हवा राहते आणि हवेतून उष्णता फारशी जात नाही, ती जागा भरायला पेस्ट. तुरीच्या डाळीएवढी पुरते. चार स्क्रूंशेजारी १ ते ४ आकडे छापलेले असतात, त्याच क्रमानं थोडे थोडे आवळले.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा काहीच ऐकू येईना, मी कान लावला तर बारीक वारा. तासभर चालवला, एक्सेल, व्हिडिओ, सगळं. ६४ च्या वर गेला नाही. बारा वर्षांत इतका शांत कधी नव्हता, नवीन असतानाही असेल असं वाटत नाही. विंडोजचं म्हणाल तर पुढच्या रविवारी त्याच्याऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकून बघणार आहे, पण अण्णांच्या फाइलचे फॉर्म्युले त्यात नीट उघडतात का ते आधी माझ्या मशीनवर तपासेन, तोवर याला नेट जोडायचं नाही.

उघडलाच होता म्हणून एक अजून केलं. आत एक छोटा गोल सेल असतो, सीआर २०३२, घड्याळ चालू ठेवणारा, तो केव्हाच संपलेला. मोठी बॅटरीही गेलेली, त्यामुळे चार्जर काढला की तारीख दरवेळी १ जानेवारीला जायची. अण्णा रोज लॅपटॉप लावला की आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघून तारीख बदलायचे आणि मगच दर टाकायचे, किती वर्षं ते त्यांनाही सांगता येईना. मला आजपर्यंत कधी बोलले नाहीत. सेल ४० रुपयांना मिळाला.

संध्याकाळी त्यांनी लावला. सवयीनं भिंतीकडं बघितलं, मग खाली स्क्रीनच्या कोपऱ्यात, मग परत भिंतीकडं. "दहाच आहे की," म्हणाले, आणि फाइल उघडली.