तुम्ही विचारलंत म्हणून: कुणाचं लगीन गो?

वर्षातून एकदा, थंडी सरता सरता, माझ्या दुकानाच्या शटरवर एक कागद चिकटलेला असतो: ‘शनिवार-रविवार बंद. सोमवारी दहाला उघडेल.’ परीक्षांच्या तोंडावर चिपळूणच्या बाजारातलं स्टेशनरीचं दुकान दोन दिवस बंद म्हणजे काय, ते ज्याला शनिवारी रात्री आठ वाजता प्रयोगवही हवी असते त्यालाच कळतं. त्यामुळे सोमवारी पैसे देता देता विचारणा होते. कुठं गेला होतात? मुंबईला. कुणी आजारी आहे का? नाही. मग लग्न? नाही, बँड ऐकायला.

इथे गिऱ्हाईक सुटे पैसे मोजायचं थांबतं.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तेही म्हणाले होते, “बँड? कुणाचं लगीन गो?” त्यांचं चुकलं नाही. आमच्याकडे बँड म्हणजे लाल डगलेवाले आणि वरातीपुढचा ट्रंपेट. दिल्लीहून चारपाच माणसं येतात, गिटार आणि तबला एकत्र वाजवतात आणि लोक तिकीट काढून उभ्याने ऐकतात, हे समजावताना माझंच मला हसू आलं.

समोरचे औषधवाले शिकलेले आहेत, त्यांचा प्रश्न वेगळा: “यूट्यूबवर नाही का हो दिसत? फुकट?” बायका जरा आवाज खाली आणून विचारतात, “एकट्याच जाता? घरचे काही म्हणत नाहीत?” घरचे म्हणजे अण्णा. ते काय म्हणतात ते वर सांगितलं. यूट्यूबचं उत्तर मात्र लांब आहे, आणि काउंटरवर उभ्या उभ्या ते देता येत नाही.

बँडचं नाव इंडियन ओशन. १९९० साली दिल्लीत सुश्मित सेन आणि असीम चक्रवर्ती या दोघांनी सुरू केला. पुढच्या काही वर्षांत बास गिटारवर राहुल राम आला आणि ड्रम्सवर अमित किलम. मी १९९९ला मुंबईत नोकरीला लागले, फोर्टमधल्या एका ऑफिसात, आणि दादरच्या एका महिला वसतिगृहात चौघींच्या खोलीत खाट मिळाली. एक कोट्टायमची, एक शहाद्याची, एक नागपूरची आणि मी. दुसऱ्याच वर्षी त्यांचा ‘कंदीसा’ हा अल्बम आला. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये, जे आता नाही, तिथे आधी ऐकून बघता यायचं. नागपूरचीने ऐकलं, चौघींची वर्गणी काढली आणि कॅसेट घेऊन आली.

पहिल्या रात्री खोलीत लावली तेव्हा कोट्टायमची केसांना तेल लावत बसली होती. अल्बमच्या नावाचंच ते गाणं लागलं आणि तिचा हात थांबला. म्हणाली, “हे आमच्या चर्चमध्ये म्हणतात.” आम्हाला वाटलं थापा मारतेय. पण खरंच ती केरळातल्या सिरियन ख्रिश्चनांची प्रार्थना आहे, सिरियाक भाषेतली. ही अरामाईक या पश्चिम आशियातल्या प्राचीन भाषेच्या घरातली. कंदीसा म्हणजे पवित्र. दिल्लीच्या रॉक बँडने ती उचलली होती आणि दादरच्या वसतिगृहात एका मुलीला एकदम घरची आठवण आली होती. बाजू उलटली तर ‘मा रेवा’. रेवा म्हणजे नर्मदा. राहुल रामने नर्मदा आंदोलनात काही वर्षं काढली होती, तिथून हे लोकगीत त्याच्याबरोबर आलं. आता शहाद्याचीची पाळी होती. धडगाव, अक्कलकुवा तालुक्यांतल्या, मणिबेलीसारख्या धरणात बुडणाऱ्या गावांची यादी तिला तोंडपाठ, कारण तिचे मामा तिकडेच शाळेत मास्तर होते. नागपूरची आणि मी मात्र नुसत्या ऐकणाऱ्या. आमच्या गावचं कॅसेटवर काहीच नव्हतं, याचं मला त्या रात्री चक्क वाईट वाटलं होतं.

आता मुद्द्याचं. वसतिगृहाचं दार रात्री दहाला बंद व्हायचं. महिन्यातून दोन लेट पास, तेही मुंबईतल्या पालकांच्या चिठ्ठीवर. आमच्या चौघींत मिळून पालक एकच, नागपूरचीचे मुलुंडचे काका. त्यांची सही शहाद्याची त्यांच्यापेक्षा बरी करायची, पण रेक्टरबाईही काही कच्च्या नव्हत्या. म्हणजे कार्यक्रम कितीही रंगात असू दे, सव्वानऊला उठायचं, चर्चगेटपर्यंत अर्धं चालत अर्धं पळत, फास्ट लोकल, दादरचा पूल, आणि दहाला दोन मिनिटं असताना रजिस्टरात सही. बँडवाले आपलं सगळ्यांना हवं असलेलं गाणं शेवटाला ठेवतात. त्यामुळे ‘कंदीसा’ मी कित्येक वर्षं ओव्हल मैदानाच्या कडेने जाताना पाठीवर ऐकलं. सुरुवातीचा तो लांबवलेला, जवळजवळ आर्जवाचा सूर तेवढा यायचा. पुढे ते चढत जातं, गिटार आणि तबला अंगावर येतात, तोवर आम्ही प्लॅटफॉर्मवर.

गंमत म्हणजे २०००साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले: उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, आणि दवाखाने, शाळा, कोर्टांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. धोबीतलावचं रंगभवन, जिथे मुंबईतल्या रॉकवाल्यांच्या दोन पिढ्या उन्हापावसात उभ्या राहिल्या, ते याच शांतता क्षेत्रामुळे गप्प झालं. आम्ही म्हणायचो, आमच्या रेक्टरबाईंचा नियम सरकारने अख्ख्या देशाला लावला. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. दवाखान्यातल्या पेशंटच्या जागी मी असते तर मलाही हवा असता. पण त्याने आमचा काही फायदा झाला नाही. शेवटचं गाणं पावणेदहाला आलं तरी आम्ही सव्वानऊलाच निघालेल्या.

२००७ला आईच्या आजारपणासाठी मी चिपळूणला परत आले ते आलेच. २००९च्या नाताळच्या दिवशी असीम चक्रवर्ती गेला. कोट्टायमचीचा मेसेज आला, दोनच शब्द, “असीम गेला.” आम्ही त्याला कधी भेटलो नव्हतो, पण मांडी घालून तबला वाजवता वाजवता डोळे मिटून गाणारा तो माणूस आमच्या खोलीतला पाचवा होता. मग हिमांशू जोशी गायला आला, तबल्यावर तुहीन चक्रवर्ती. २०१३मध्ये सुश्मित सेनही बाहेर पडला. ज्या दोघांनी सुरू केला त्यातलं कुणीच राहिलं नाही. मी शहाद्याचीला फोनवर म्हटलं, आता हा तो बँड कसा म्हणायचा? ती म्हणाली, “आपली तरी कुठे ओरिजिनल लाइन-अप आहे?” नागपूरची तेव्हा कॅनडात होती आणि आईच्या तेराव्याला मी त्या दोघींना बोलावलंसुद्धा नव्हतं.

कॅसेटचं सांगायचं राहिलं. वाटणीत ती माझ्याकडे आली होती. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही बाजारात शिरल्या तेव्हा दुकान छतापर्यंत गेलं. वह्यांचा लगदा, पेनांच्या दांड्या, आणि त्या चिखलात ती कॅसेट. दुकानात काय करत होती विचाराल, तर गल्ल्याखालच्या खणात पडून असायची; वाजवायला टेप कुठे होता? अण्णांनी आठ दिवस सगळं सोडून ती धुतली, पेन्सिल घालून रीळ बाहेर काढली, उन्हात वाळवली, परत गुंडाळली. वाजणार नाही हे त्यांनाही माहीत होतं. पुरात माणसाला काहीतरी एक काम लागतं. पुढे दोन महिने मी तेच गाणं फोनवर ऐकत शटर, रॅक, भिंती खरवडल्या. तेव्हा औषधवाल्यांना सांगायचं तर हो, यूट्यूबवर दिसतं. चांगलं ऐकूही येतं.

पुरानंतरच ठरलं की वर्षातून एकदा भेटायचं आणि शक्य असेल तेव्हा यांच्या कार्यक्रमाला. पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला. रात्रीच्या तुतारीने गेले (केशवसुतांच्या कवितेवरून नाव ठेवलेली गाडी, गाण्याला जायला याहून बरी कुठली?), सकाळी दादरला उतरले आणि परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढून ठेवलं होतं. ती गाडी मध्यरात्री दादरहून निघते. रविवारी दुकान उघडता येईल हा हिशेब. झालं! दहा वाजून पाच मिनिटांनी, हिमांशू जोशी पाणी पीत होता तेव्हा, मी बॅग खांद्याला लावली. पंचेचाळिशी उलटलेली बाई, ना रेक्टर ना रजिस्टर, आणि पाय आपोआप दाराकडे. कोट्टायमची नुसती बघत राहिली. लिफ्टपाशी मला तो लांबवलेला सूर ऐकू आला.

सकाळी घरी पोचले तर अण्णा ओटीवर दात घासत होते. “झाला का बँड?” म्हटलं, शेवटचं गाणं राहिलं, गाडीची वेळ झाली. ते चूळ भरून आले आणि बसले. अण्णा खालच्या परळातल्या एका गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईत होते, बरीच वर्षं बदली कामगार म्हणून आणि मग कायम. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि वर्षभर वाट बघून ते एक ट्रंक घेऊन गावाला आले. संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. अण्णा अजून गमतीने म्हणतात, “मी संपावर हाय.” तर त्यांच्या चाळीत भजनी मंडळ होतं, दर एकादशीला भजन. अण्णा टाळ धरायचे. आणि बहुतेक महिने त्यांची तिसरी पाळी, रातपाळी.

“पखवाज तापला, गजर चढला की मी टाळ खाली ठेवून निघायचो,” ते म्हणाले. “वीस वर्षं मुंबईत भजन केलं. भैरवी काय कधी ऐकली नाही.”

एवढं बोलून ते चहा टाकायला आत गेले. हे त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

म्हणून मग पुढच्या खेपेपासून रविवारचीही सुट्टी, आणि शटरवर तो कागद. तुम्ही विचारत होतात ना.

यंदाचा कार्यक्रम लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या हॉलमध्ये होता. बंद हॉलला दहाचा नियम नाही. निघताना अण्णांना गिरणीचं नाव सांगितलं. “ती आमची न्हवं. आमची पुलाच्या अंगाला.” मग जरा थांबून, “आत सोडतात?” तिकीट काढलं की सोडतात, म्हटलं. “आम्हाला पास लागायचा.”

सकाळी दादरला शहाद्याची घ्यायला आली. फुलबाजारातून वाट काढत आम्ही शिवाजी पार्काकडे गेलो, ‘प्रकाश’मध्ये साबुदाणा वडा आणि पियूष. पियूष पहिल्यापेक्षा पातळ झालं की माझी जीभ म्हातारी झाली, यावर पाऊण तास घालवला. दुपारी तिने हट्टाने मला भुयारी मेट्रोत बसवलं. दादरला खाली उतरायचं आणि गिरगाव, काळबादेवी पोटातून ओलांडून हुतात्मा चौकात वर यायचं. सगळं चकचकीत आणि गार. मला काही ते आवडलं नाही. खिडकीतून मुंबईच दिसली नाही तर आपण कुठून कुठे आलो हे कळायचं कसं? शहाद्याची म्हणाली, तुला फक्त धक्के खायला आवडतात. असेलही. एल्फिन्स्टनचा पूल पाडायला घेतला होता. संध्याकाळी परळहून पलीकडे जायला वळसा पडला, आणि नेमकं तिथे मला अण्णांची गिरणी शोधायची होती. पुलाच्या अंगाला आता काचेचा टॉवर आहे आणि एक चिमणी, दिवे लावून ठेवलेली. ती त्यांचीच का, ठाऊक नाही. फोटो काढून ठेवला.

हॉलपाशी कोट्टायमची आली, नागपूरचीच्या जागी स्वतःच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन. शहाद्याची म्हणाली, “हा आपला तुहीन.” मुलीने कानात घालायचे बोळे आणले होते, चौघींना पुरतील इतके. आम्ही नको म्हटलं आणि अर्ध्या तासाने मुकाट्याने घेतले. उभं राहून गुडघे बोलायला लागले होते. साडेनऊला मी घड्याळ बघितलं, दहाला बघितलं. शेवटी कोट्टायमचीने माझं मनगट धरलं आणि घड्याळ काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.

सोमवारी पहाटे घरी आले. अण्णा जागे होते.

“संपेपर्यंत होतीस?”

“होते.”

“काय वाजवलं शेवटाला?”

मी चप्पल काढता काढता थांबले. ‘कंदीसा’ झालं, ते नक्की. तेव्हा शहाद्याची रडत होती आणि कोट्टायमची पोरीला काहीतरी मल्याळममध्ये ओरडून सांगत होती. पण लोकांनी त्यांना सोडलं नाही, त्यानंतरही एक झालं, आणि ते कुठलं हे काही केल्या मला आठवेना. आम्ही चौघी एकमेकींच्या गळ्यात हात टाकून उड्या मारत होतो.

“लक्षात नाही अण्णा.”

“भैरवीच असणार,” ते म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला उठले.