मिसिंग गेलं, पण काटा नाचायला लागला

गाडी चढावर मिसिंग मारते, म्हणजे मधूनच एखादा सिलेंडर पेटत नाही, म्हणून माझ्या गॅरेजमध्ये आलेल्या साहेबांनी तिच्या प्लग वायरी, म्हणजे स्पार्क प्लगला करंट नेणाऱ्या वायरी, आधी स्वतःच बदलल्या होत्या. नव्या वायरी जाडजूड, लालभडक. मिसिंग थांबलं, पण आता आरपीएमचा काटा उगाच नाचायचा, रेडिओत इंजिनाच्या तालावर घरघर यायची आणि चालता चालता गाडी क्षणभर मान टाकून पुन्हा उचलायची. चेक इंजिनचा दिवाही लागायचा.

मल्टिमीटर लावला तर चारही वायरींचा रेझिस्टन्स जवळपास शून्य. आत सरळ तांब्याची तार. प्लग काढून पाहिले, नंबर बीपी६ईएस. बीपीआर६ईएस असता तर त्यातल्या ‘आर’चा अर्थ प्लगच्या पोटात साधारण पाच हजार ओहमचा रेझिस्टर. इथे वायरीत नाही आणि प्लगमध्येही नाही. ठिणगी पडते तेव्हा ती छोटं रेडिओ स्टेशनच असते. तिची कुरकुर दाबायला वाटेत कुठेतरी रेझिस्टन्स लागतो. या गाडीत क्रँक सेन्सरची, म्हणजे इंजिनाचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरची केबल प्लग वायरींना चिकटूनच गेलेली. ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, खऱ्या सिग्नलमध्ये खोटे ठोके ऐकू येत होते, हिशोब चुकला की तो इंधनाचं इंजेक्शन तोडायचा.

पण मग आधीचं मिसिंग कशाचं? मला ते पाहिल्याशिवाय चैन पडेना. जुना सेट डिकीतच होता. तो मोजला तर चारही वायरी लांबीनुसार सहा ते नऊ हजार ओहम, म्हणजे कार्बनच्या वायरीला शोभेल असाच आकडा. इथे बरेच जण फसतात. मल्टिमीटर वायर तपासतो दोन-चार व्होल्टवर, आणि प्रत्यक्षात तिच्यातून पंधरा-वीस हजार, लोड आला की त्याहून जास्त व्होल्ट जातात. आतली तार शाबूत असली तरी वरचं इन्सुलेशन फुटलेलं असू शकतं, आणि ते मीटरला दिसत नाही.

जुना सेट पुन्हा चढवला, शटर ओढलं, दिवे घालवले आणि चालू इंजिनवर दुरून पाण्याचा बारीक फवारा मारला. दोन नंबरच्या बुटातून, म्हणजे प्लगवर बसणाऱ्या वायरीच्या रबरी टोपीतून, इंजिनाच्या हेडकडे निळी ठिणगी टपटप उडायला लागली. साहेब दोन पावलं मागेच सरकले. बूट काढून उजेडात धरला: आतल्या बाजूने केसाएवढी काळी रेघ, वरपासून खालपर्यंत. करंटने एकदा अशी वाट पाडली की ती पुसून जात नाही. चढावर सिलेंडरमधला दाब वाढला की प्लगच्या गॅपमधून उडी मारणं अवघड होतं, मग करंट ही सोपी वाट धरतो.

थोडक्यात, नव्या सेटचं रबर चांगलं होतं म्हणून मिसिंग गेलं आणि आतली तार चुकीची म्हणून दुसरा आजार आला. जाडीचा यात काहीच संबंध नाही. आठ मिलिमीटर जाडीच्या वायरीतला बराच भाग नुसतं सिलिकॉन असतं. ते उष्णता आणि व्होल्टेज सोसतं, ठिणगी मोठी करत नाही.

मी स्पायरल वायरी बसवल्या: गाभ्यावर बारीक तार गुंडाळलेली, रेझिस्टन्स कार्बनपेक्षा कमी, तरी त्या वेटोळ्यांमुळे रेडिओची घरघर दबते. प्लग ‘आर’वाले घातले. साहेबांनी तीन आणि चार नंबरच्या वायरी झिपटायने शेजारी शेजारी बांधल्या होत्या, दिसायला फार छान. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. तीननंतर लगेच चारचा नंबर. अशा वायरी लांबवर समांतर गेल्या की एकीतला झटका दुसरीत उतरतो आणि चार नंबर वेळेआधी पेटू शकतो. त्या मोकळ्या करून कंगव्यात, म्हणजे वायरी वेगळ्या धरणाऱ्या खाचांच्या पट्टीत, लांब लांब अडकवल्या, सेन्सरची केबल दुसऱ्या बाजूने नेली.

चढावर फिरवून आणली, काटा स्थिर. साहेबांचा प्रश्न ठरलेला: “पिकअप वाढला असेल ना?” नाही म्हटलं. गेलेला परत आला, एवढंच. टर्बो लावला किंवा प्लगचा गॅप वाढवला तर जास्त व्होल्टेज लागतं, तिथे चांगल्या वायरी कामाला येतात. यांचं इंजिन कंपनीतून आलं तसंच होतं.