न्यूयॉर्कच्या मिडटाउनमध्ये शांत बसायला कुठे जायचं

आईला गुडघ्यांचा त्रास आहे, त्यामुळे न्यूयॉर्कला काय बघायचं याच्याआधी मी कुठे कुठे बसता येईल हे शोधून ठेवलं होतं. मिडटाउनमध्ये, म्हणजे मॅनहॅटनच्या मधल्या, ऑफिसांच्या भागात, बाकं तशी आहेत, पण बरीचशी ॲव्हेन्यूच्या कडेला, सायरन आणि ट्रकचे हॉर्न चालूच, तिथे बसून उलट जास्त दमायला होतं. खालच्या जागा सगळ्या फुकट आहेत आणि पहिल्या तीन एकाच फेरीत होतात.

सगळ्यात आधी पेली पार्क. ५३व्या स्ट्रीटवर, फिफ्थ आणि मॅडिसन ॲव्हेन्यूच्या मधे. नाव पार्क असलं तरी जागा जेमतेम ४२ फूट बाय १०० फूट, दोन बिल्डिंगच्या मधे, फोनकडे बघत चाललात तर सरळ पुढे निघून जाल. १९६७ मध्ये सीबीएस या टीव्ही कंपनीचे प्रमुख विल्यम पेली यांनी वडिलांच्या आठवणीसाठी केलेलं. मागची अख्खी भिंत म्हणजे २० फुटी धबधबा, बाजूच्या भिंतींवर वेली, वर झाडांची सावली. आणि इथे आवाज नाही असं अजिबात नाहीये, धबधबा चांगला जोरात आहे, शेजारी बसलेल्याशी सुद्धा जरा मोठ्याने बोलावं लागतं. पण तो आवाज एकसारखा असतो, मधेच दचकायला होत नाही, बाहेरचे हॉर्न त्यात बुडून जातात आणि थोड्या वेळाने त्यांच्याकडे लक्षच जात नाही. म्हणून आतली, पाण्याजवळची खुर्ची पकडा. खुर्च्या सुट्या आहेत, उचलून हव्या तिथे न्या आणि रस्त्याकडे पाठ करून बसा, खरंच खूप फरक पडतो. आई तिथे इतकी रमली की उठायलाच तयार नव्हती.

तिथून पूर्वेकडे साधारण पंधरा मिनिटं चाललं की ग्रीनएकर पार्क, ५१व्या स्ट्रीटवर, सेकंड आणि थर्ड ॲव्हेन्यूच्या मधे. हे १९७१ चं, धबधबा २५ फुटी. मला हे पेलीपेक्षाही आवडलं कारण बसायला वेगवेगळ्या उंचीवर जागा आहेत, खाली पाण्याच्या पायथ्याशी बसलं की रस्ता विसरायला होतो. पुस्तक वाचायचं असेल तर खाली, गप्पा मारायच्या असतील तर वरच्या बाजूला.

मग ट्यूडर सिटी या जुन्या निवासी वसाहतीतल्या दोन छोट्या बागा. इथे धबधबा नाही, इथली शांतता उंचीमुळे आहे, ४२वा स्ट्रीट खालून जातो आणि वर मोठी झाडं आणि बाकं. फर्स्ट ॲव्हेन्यूकडून जाऊ नका, तिकडून पायऱ्या चढाव्या लागतात, सेकंड ॲव्हेन्यूकडून ४३व्या स्ट्रीटने आलात तर नुसता चढ आहे, आईला तो जमला.

वाटेत मोठ्या ऑफिस बिल्डिंगांच्या बाहेर बसायची मोकळी जागा दिसली तर आत जायला बिचकू नका. १९६१ च्या नियमामुळे बिल्डरला अशी जागा लोकांसाठी खुली ठेवली की जास्त बांधकाम करायला मिळतं, त्यामुळे तिथे बसणं हा आपला हक्कच आहे. पाटी लावलेली असते, वेळाही त्यावरच बघा. फक्त यातल्या बऱ्याच नुसत्या दगडी आणि उन्हात तापलेल्या, म्हणून झाडं किंवा पाणी असेल तरच थांबा.

वेळ जास्त असेल तर सेंट्रल पार्कमधली कॉन्झर्व्हेटरी गार्डन, फिफ्थ ॲव्हेन्यू आणि १०५वा स्ट्रीट. हे लांब आहे, ६ नंबरच्या सबवेने १०३व्या स्ट्रीटला उतरून पश्चिमेला चालायचं. पार्कने ही बाग शांत जागा म्हणून ठरवून ठेवली आहे, गाणी लावणं, पळणं, सायकल काही चालत नाही आणि लोक पाळतात पण. सेंट्रल पार्कमध्ये एकच जागा बघायची असेल तर मी डोळे झाकून ही सांगेन.

दुपारी बारा ते दोन मात्र मिडटाउनमधल्या छोट्या पार्कांत जाऊ नका, ऑफिसवाले डबे घेऊन येतात आणि खुर्ची मिळत नाही, सकाळी दहाच्या सुमारास गेलात तर निवडून बसता येतं. हिवाळ्यात जाणार असाल तर पार्क चालू आहे का ते आधी त्याच्या वेबसाइटवर बघा. आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर टॉयलेटचं आधीच ठरवा, छोट्या पार्कांच्या भरवशावर राहू नका, ४२व्या स्ट्रीटवरच्या ब्रायंट पार्कमधलं पब्लिक टॉयलेट चांगलं स्वच्छ आहे, फेरीची सुरुवात तिथूनच करा.