तुम्ही विचारलंत म्हणून: हक्कसोडीवर मी सही का केली नाही

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावात दुय्यम निबंधक ऑफिसच्या जवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. झेरॉक्स, सातबारा, आठ अ, ऑनलाइन अर्ज आणि दस्त. आठवड्यातनं दोनतीन तरी हक्कसोडपत्रं, म्हणजे बहिणीने जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडल्याचे कागद, माझ्या हातून टाईप होतात. ज्यांना माझ्या घरचं माहितीय ते हमखास विचारतात की ताई, दुसऱ्यांच्या बहिणींची हक्कसोड तुम्ही करून देता आणि स्वतःच्या भावाला मात्र दिली नाहीत, असं का? कुणी सरळ विचारतं, कुणी जरा टोचून. प्रत्येकाला काउंटरवर उभं राहून सांगता येत नाही, मागे लाईन असते, म्हणून एकदा नीट लिहितेय.

आमची जमीन तीन एकर, म्हणजे 120 गुंठे. पणजोबांच्याही आधीपासून चालत आलेली. आई आधी गेली, वडील 2003 ला गेले. मागे आम्ही तिघं, आक्का, दादा आणि मी. आक्काचं लग्न 1991 ला झालं, माझं 1998 ला. ही दोन सालं लक्षात ठेवा, सगळं त्यातच आहे.

1956 च्या वारसा कायद्यात वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः हिस्सा फक्त मुलाला होता. वडील गेल्यावर त्यांच्या वाट्याला आलेल्यातला तुकडा मुलींना मिळायचा तेवढाच. मग 22 जून 1994 पासून महाराष्ट्राने कायदा बदलला, मुलगीही जन्मतः हिस्सेदार, पण त्या तारखेच्या आधी लग्न झालेली सोडून. म्हणजे मी आत आणि आक्का बाहेर. 2005 ला केंद्राने कायदा बदलला, 9 सप्टेंबरपासून सगळ्याच मुली मुलाच्या बरोबरीने, लग्न कधी का झालं असेना. पण 2015 ला सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला की त्या दिवशी वडील हयात पाहिजेत, आणि आमचे वडील दोन वर्षं आधीच गेलेले.

2018 ला दादाला आल्याची लागवड वाढवायची होती, ठिबक, बेणं, सगळ्याला पैसा लागतो, बँकेने सातबारा मोकळा करून आणायला सांगितला. तो साडीचोळी आणि हक्कसोडीचा कागद घेऊन दोघींकडे आला. मी आधी वकिलांकडे गेले. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडून दाखवला. वडील, दादा आणि मी, तिघांचे चाळीस चाळीस गुंठे. वडिलांच्या चाळीसचे तीन वारस, म्हणजे प्रत्येकी सव्वातेराच्या आसपास. तर दादाचे 53, माझे 53 आणि आक्काचे 13.

मी तो कागद कितीतरी वेळ बघत बसले. जिने मला कडेवर घेऊन खुरपणी केली, जी आई आजारी पडल्यावर शाळा सोडून चुलीपुढे बसली, तिला 13 आणि मला 53, कारण काय तर तिचं लग्न तीन वर्षं लवकर लावून दिलं, तेही तिला न विचारता. मी म्हटलं वकीलसाहेब, आक्काचे आणि माझे सारखे धरा ना. ते म्हणाले, बाई, तुमच्या हिश्श्यातलं बक्षीसपत्र करून द्या तिला पाहिजे तर, पण हक्क म्हणून ते कायद्यात बसत नाही.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हक्क आणि कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही दोघी एकाच आईच्या पोटच्या, एकाच शेतात राबलेल्या, आमचा हक्क सारखाच होता, तो काय 1994 ला मंत्रालयात तयार झाला नव्हता. कायदा उशिरा आला आणि आला तोही अर्धाच आला. इथून पुसेगावच्या बाजूला गेलं की कटगुण लागतं, जोतिराव फुल्यांचं मूळ गाव. निर्मिकाने बाईला आणि पुरुषाला जन्मतःच सारखे हक्क दिलेत, हे त्यांनी सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय, तेव्हा कुठला कायदा त्यांच्या बाजूने होता? आणि साताऱ्याच्या ज्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 ला भीमराव आंबेडकरांचं नाव घातलं, त्याच मुलाने पुढे कायदामंत्री होऊन हिंदू कोड बिलात मुलीला मुलाइतका वाटा लिहिला, आणि ते बिल रखडलं म्हणून 1951 ला राजीनामा दिला, बाकीचीही कारणं होती पण हे मोठं होतं. तिथून मोजलं तर आमच्या घरापर्यंत पोचायला किती वर्षं लागली बघा.

आक्काने सही केली. मी तिच्यासोबत गेले होते. आत कॅमेऱ्यासमोर बसवतात, फोटो काढतात, अंगठा मशीनवर ठेवायला सांगतात. आक्काचा अंगठा उमटेना. कामं करून रेषाच गेलेल्या. पदराला पुसून ठेवला, नाही, ओला करून ठेवला, नाही, शेवटी ऑपरेटरने तिचा अंगठा स्वतःच्या बोटांनी दाबून धरला तेव्हा कुठे घेतला. मग साहेबांनी विचारलं, खुशीने देताय ना? आक्का म्हणाली, होय, माहेर तुटायला नको. साहेबांना होय एवढंच लागतं, पुढचं कुणी लिहून घेत नाही.

मी सही नाही केली. दादाला म्हटलं, शेत तूच कर, पीक तूच घे, कर्जाला जिथे संमती लागेल तिथे देते, पण सातबाऱ्यावरनं माझं नाव जाणार नाही. तो दोन दिवाळ्या भाऊबीजेला आला नाही. मला ते फार लागलं, अजूनही लागतं.

आणि मग 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, तीन न्यायमूर्तींचा, की 2005 ला वडील हयात असोत नसोत, मुलीचा हिस्सा जन्मापासूनच. म्हणजे आक्काही आत आली, तिघांचे सरळ चाळीस चाळीस गुंठे. माझे 53 चे 40 झाले आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं, कारण ते तेरा गुंठे माझे नव्हतेच. पण आक्काने तेरा म्हणून जे सोडले होते ते चाळीस निघाले आणि कागद तर रजिस्टर झालेला. नोंदलेला दस्त सहज फिरत नाही, फसवणूक किंवा दबाव दाखवून दिवाणी कोर्टात जायचं, तेही मुदतीत. आक्का नको म्हणाली. फक्त एवढंच विचारलं, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं का गं? याचं उत्तर माझ्याकडे नाही.

दादाची बाजूही मी सोडत नाही. वडिलांचं शेवटचं दीड वर्ष त्याने आणि वहिनीने काढलं, अंथरुणातलं सगळं केलं. त्याचं मोल झालंच पाहिजे, आणि ते मी तोंडावर कबूल केलंय, म्हणूनच पिकातला दाणा मागत नाही. पण ज्या भावाने आईबापाला बघितलंच नाही त्यालाही तेवढाच हिस्सा मिळतो ना, त्याला कोण विचारतं साडी घेऊन? आणि लग्नात दिलंय की तुला, हे जे म्हणतात, ते जे काय दिलं ते सासरी गेलं, माझ्या नावावर नाही, आणि हुंडा 1961 पासून गुन्हा आहे. गुन्ह्याची पावती दाखवून हिस्सा कसा फिटेल?

ज्या बहिणी समजून उमजून सोडतात त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्याचाही त्यांना हक्क आहे. पण दस्तात मी रोज टाईप करते, 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दबावाला बळी न पडता'. नैसर्गिक हा शब्द प्रेमाच्या मागे येतो. हक्काच्या मागे अजून एकाही दस्तात मी टाईप केलेला नाही.

म्हणून आता एक करते. टायपिंगला बसण्याआधी भावाला चहा सांगायला पाठवते आणि बहिणीला मसुदा मोठ्याने वाचून दाखवते, तुमचे किती गुंठे होतात ते आकड्यात सांगते. बऱ्याच जणी म्हणतात, असू दे ताई, करा तुम्ही. मग मी करते. गेल्या आठवड्यात खटावकडच्या एक मावशी आल्या होत्या, साठीच्या असतील. आकडा ऐकला आणि म्हणाल्या, परत सांगा. परत सांगितला. भाऊ तीन चहा घेऊन आला तोवर त्या काही बोलल्या नाहीत, चहा सावकाश प्यायल्या, मग त्याला म्हणाल्या, बाळू, आज नको, मी पोरींना विचारते. तो मसुदा माझ्या कॉम्प्युटरवर तसाच आहे, तारखेची जागा मोकळी ठेवलीय.