शून्य मैलांचा दिवस

लांबच्या पायी प्रवासाला निघालेल्या माणसांची खुशाली घरच्यांना कळते, ती बहुतेक वेळा ती माणसे चालत नसतात तेव्हाच. चालताना फोनला रेंज नसते, असली तरी बॅटरी राखून ठेवायची असते आणि संध्याकाळी तंबू उभारून पोटात काहीतरी ढकलल्यावर बोलण्याचे त्राण कोणातच उरलेले नसते. त्यामुळे आमची लेक, जावई आणि दोन्ही नातवंडे अमेरिकेतल्या ॲपलाचियन ट्रेलवर चालायला निघाल्यापासून इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घरात त्या वाटचालीचे जे चित्र तयार झाले आहे, त्यात चढ, चिखल आणि धुके जवळजवळ नाहीतच. त्यात आहेत कपडे धुण्याची यंत्रे, भलेमोठे पिझ्झा, टपालाने आलेली खोकी, कठड्यावर वाळत टाकलेला तंबू आणि आता एक निळी रबरी नाव. शेजारी विचारतात, "काय, चालतायत ना अजून?" तेव्हा मी होकार देते खरी, पण त्यांना चालताना आम्ही पाहिलेलेच नाही. आम्ही पाहिली आहे ती त्यांची विश्रांती.

वाट मोठी आहे. जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर पर्वतापासून निघून ती चौदा राज्ये ओलांडत मेन राज्यातल्या कटाडिन पर्वतावर संपते. लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर. बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये ती सलग पूर्ण झाली. झाडांवर आणि खडकांवर रंगवलेले दोन इंच रुंद, सहा इंच उंच असे पांढरे पट्टे पाहत चालायचे. एका दमात सगळी वाट चालणाऱ्याला साधारण पाच ते सात महिने लागतात. मुलांच्या शाळेचे काय, हा प्रश्न आमच्याकडे पुष्कळ चर्चिला गेला आणि लेकीने तो आमच्यापुरता मिटवला. तो पुन्हा उकरण्यात अर्थ नाही.

या वाटेवरचे लोक विसाव्याच्या दिवसाला 'झिरो' म्हणतात, कारण रोजच्या मैलांच्या नोंदीत त्या तारखेपुढे शून्य पडते. सकाळी थोडेसे चालून गावात पोहोचले आणि मग पथारी पसरली, तर तो 'निअरो'. माझ्या सासूबाईंना हा हिशेबीपणा मुळीच रुचला नाही. त्यांनी आपल्या उमेदीच्या काळात नर्मदा परिक्रमा पायी केलेली आहे आणि परिक्रमेत थांबणे हे नियमातच बसवलेले असते. देवशयनी एकादशीपासून प्रबोधिनी एकादशीपर्यंत परिक्रमावासी एका ठिकाणी चातुर्मास करतो. जुन्या रीतीने तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांत पुरी करायच्या त्या परिक्रमेत दर वर्षीचे चार महिने असे बसूनच जातात. "ते दिवस आम्ही परिक्रमेतच धरायचो, शून्य कसले?" असे त्या म्हणाल्या, आणि मला त्यांचे म्हणणे पटले. ज्या दिवशी पाय हलत नाहीत त्या दिवशी प्रवास बंद असतो असे मानणाऱ्या माणसाने कधी धान्य निवडले नसावे, कपडे बडवून धुतले नसावेत आणि फाटलेल्या पिशवीला टाका घातला नसावा.

कारण विसावा म्हणून जो दिवस आम्हाला फोनवर दिसतो, त्यात विसावा असा फारच थोडा असतो. प्रत्येकाकडे चालण्याच्या कपड्यांचा एक जोड आणि झोपण्याचा एक. सगळे एकदम यंत्रात टाकायचे, तर अंगावर उरतो फक्त पावसाळी कोट आणि पावसाळी पायजमा. आमच्या पहिल्या व्हिडिओ कॉलवर चौघेही भर उन्हात रेनकोट घालून ओळीने बाकावर बसलेले दिसले, तेव्हा सासूबाईंनी तिकडे पाऊस फार आहे का, असे काळजीने विचारले होते. मग पायांची पाहणी होते. जावयाने फोन पायाजवळ नेऊन अंगठ्याचे काळेनिळे पडलेले नख दाखवले. ते आता गळून पडणार, असे त्याने एखादा दात पडणार असल्यासारखे सहज सांगितले. नातीच्या टाचेवरच्या फोडाला पट्टी होती आणि पट्टीवर पेनाने एक हसरा चेहरा काढलेला होता. लेकीचे पाय चालून चालून इतके पसरले आहेत की तिला एक नंबर मोठे बूट घ्यावे लागले.

आणि खाणे. पाठीवर ओझे घेऊन दिवसभर डोंगर चढणाऱ्या माणसाला चार-पाच हजार कॅलरी सहज लागतात, तेवढे अन्न पाठीवर नेता येत नाही, आणि ती तूट मग गावात आल्यावर भरून काढायची असते. निघण्यापूर्वी लेकीने खोकी भरून एका मैत्रिणीकडे ठेवली आहेत. ती मैत्रीण एकेक खोके पुढच्या मुक्कामाच्या पत्त्यावर टपालाने पाठवते. त्यांत आमच्याकडून गेलेले मेतकूट, भाजणी आणि इंदुरी लसूण शेव आहे. इंदूरची शेव ही डोंगर चढण्यासाठीच निर्माण झाली असावी असे माझे आता मत झाले आहे: वजनाला हलकी, तुपातेलाने भरलेली, महिनोन्महिने टिकणारी आणि चुरा झाला तरी वाया न जाणारी. नातू ती नूडल्समध्ये घालून खातो. त्यावर आमच्या घरात जे मतप्रदर्शन झाले, ते येथे न दिलेले बरे.

एवढी सगळी कामे असताना, नांताहाला नदीच्या काठी मिळालेला अख्खा दिवस या मंडळींनी राफ्टिंगला दिला. सुरुवातीपासून सुमारे २२० किलोमीटरवर, नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ही वाट एका खोल दरीत उतरते आणि पादचारी पुलावरून थेट नांताहाला नदी ओलांडते. पुलाच्या दोन्ही अंगांना १९७२ पासून चाललेले नौकानयनाचे मोठे केंद्र आहे. दुकान, उपाहारगृह, झोपण्याच्या खोल्या, सगळे तिथेच. दोन आठवडे नुसती झाडे पाहिलेल्या मुलांसमोरून रंगीबेरंगी नावा जात असतील, तर पाय वर करून निजा, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

या नदीची एक गंमत लेकीने सांगितली. वर डोंगरात १९४२ मध्ये बांधलेले धरण आहे. तिथल्या सरोवराचे पाणी नळांतून आणि बोगद्यातून खालच्या वीजघरात आणतात आणि वीजघरातून सुटलेल्या पाण्यावर पुढचे सगळे राफ्टिंग चालते. वीज निर्माण होत असेल तर नदी भरून वाहते, यंत्रे थांबली की ती खडकांत उरते. म्हणून पाणी केव्हा सुटणार याचे वेळापत्रक आधी जाहीर होते आणि नाववाले त्याच्याकडे, आम्ही इंदूरकर नळाच्या वेळेकडे पाहतो तसे, डोळे लावून बसतात. आमच्याही नळाला १९७८ पासून नर्मदाच येते. जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर उपसून विंध्याच्या वर चढवलेली, आणि तीही एक दिवसाआड. तेव्हा बटणावर चालणाऱ्या नदीचे आम्हाला कोणी नवल सांगू नये.

सरोवराच्या तळातून येत असल्यामुळे ते पाणी बारमाही थंडगार असते, साधारण सात ते दहा अंश सेल्सियस. दरीही इतकी अरुंद आणि खोल की ऊन तळाशी पोहोचते ते दुपारीच. एप्रिल महिन्यात, अशा पाण्यात, आपण होऊन, पैसे देऊन उतरायचे! त्यातही एक अडचण उद्भवली होती. या नदीवर नावेत बसणाऱ्याचे वजन किमान २७ किलो भरावे लागते, आणि आमची नात घरून निघताना त्याच्या जेमतेम वर होती. चालण्याने ती आणखी वाळली असेल या भीतीने तिने आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी मिळून जे खाल्ले, त्याची यादी तिने आम्हाला अभिमानाने वाचून दाखवली. वजन भरले.

त्यांच्या नावेतल्या फेरीचे वर्णन आम्ही इकडे सकाळी सहाला, पोहे फोडणीला टाकण्याआधी ऐकले. तिकडे रात्रीचे साडेआठ वाजले होते. तेरा किलोमीटरचा टप्पा, शेवटी नांताहाला फॉल्स नावाची एक उडी, तिथे काठावरून काढलेला फोटो. फोटोत पाण्याचा एक पांढरा भिंताडा आहे आणि त्यातून चार हेल्मेटे वर आलेली आहेत. कोणते कोणाचे ते ओळखण्यात आमची न्याहारी गार झाली. पण मला फोटोपेक्षा लेकीने सांगितलेली बसण्याची व्यवस्था अधिक लक्षात राहिली. ट्रेल एका माणसाच्या रुंदीची असते. नातू पुढे, त्याच्यामागे नात, मग लेक आणि सर्वांत शेवटी जावई, अशी त्यांची रांग ठरून गेली आहे, आणि दिवसभर प्रत्येकाला दिसते ती पुढच्याची पाठपिशवी. बोलायचे ते पाठीशी, चिडायचे तेही पाठीवर. नातू लांब ढांगा टाकत पुढे निघून जातो, जावई दर वळणावर झाडांचे फोटो काढत मागे पडतो, आणि एकत्र चालणारे हे कुटुंब बराच वेळ अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर पसरलेले असते.

नावेत तसे चालत नाही. दोन जण डावीकडे, दोन उजवीकडे, मागे वाटाड्या, आणि त्याने 'पुढे' म्हटले की चारही वल्ही एकदम पाण्यात पडली पाहिजेत. पहिल्या वळणावर नातवाने आपल्या सवयीच्या वेगाने वल्हे मारले, जावयाने आपल्या, आणि नाव जागच्या जागी गिरकी घेऊन एका खडकावर जाऊन बसली. मग वाटाड्याने सगळ्यांना एका बाजूला सरकून उड्या मारायला लावल्या. चौघेही एकमेकांच्या अंगावर पडले आणि नाव सुटली. "आई, आम्ही इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एकमेकांची तोंडं पाहिली," असे लेक म्हणाली. त्यानंतर नात वल्ह्यांचा ताल मोजू लागली आणि बाकीच्यांनी निमूटपणे तिचे ऐकले, हे मला तिच्या भावाकडून वेगळे कळले. त्याच्या स्वरात थोडी तक्रार होती.

सासूबाईंचा आक्षेप मात्र वेगळ्याच ठिकाणी होता. "चालायचा संकल्प केला ना? मग नावेत कशा बसल्या?" परिक्रमेत नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची असते आणि कोणत्याही कारणाने ओलांडायची नसते, पाणी पार केले की परिक्रमा भंगली. लेकीने समजावले की ही काही नदीची परिक्रमा नव्हे, ही डोंगरांची वाट आहे, आणि दुसऱ्या दिवशी ते त्याच पुलावरून, त्याच पांढऱ्या पट्ट्यापासून पुन्हा चालू लागणार आहेत. नावेचे तेरा किलोमीटर कोणत्याही वहीत धरलेले नाहीत. ते धरणारेही लोक असतात, असे तिनेच पुढे सांगितले: व्हर्जिनियात काही जण डोंगरावरची वाट सोडून शेनान्डोआ नदीतून होडीने पुढे जातात, आणि एकही पट्टा न चुकवणारे त्यांच्याकडे नाक मुरडतात. सासूबाई लगेच त्या नाक मुरडणाऱ्यांच्या बाजूच्या झाल्या. १९५५ मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी, साधे कापडी बूट घालून आणि घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून ही सगळी वाट एकटीने चालून गेलेल्या एमा गेटवुड बाईंची गोष्ट ऐकल्यापासून त्यांना या ट्रेलविषयी आपलेपणा वाटू लागला आहे, आणि आपल्या माणसांकडून शिस्तीची अपेक्षा करणे त्यांना ओघानेच येते.

तेव्हा लेकीने केनेबेक नदीचे सांगितले. मेन राज्यात, वाट संपत आलेली असताना, ही रुंद नदी आडवी येते आणि तिच्यावर पायी जाणाऱ्यांसाठी पूल नाही. वरच्या धरणातून पाणी सुटले की ती बघता बघता चढते. १९८५ मध्ये चालत पार करताना एक स्त्री बुडाली, आणि त्यानंतर तिथे चालणाऱ्यांसाठी होडीची सोय झाली. ही होडी म्हणजेच अधिकृत वाट मानतात आणि होडीच्या तळावर, बसणाऱ्याच्या पायांपाशी, पांढरा पट्टा रंगवलेला आहे. हे ऐकल्यावर सासूबाई एकदम सैलावल्या, कारण त्यांच्याही परिक्रमेत नाव होतीच. जिथे नर्मदा समुद्राला मिळते तिथे दक्षिण तटावरच्या विमलेश्वराहून उत्तर तटावरच्या मिठी तलाईला नावेनेच जावे लागते, भरतीची वेळ साधून, आणि ते परिक्रमेत चालते, कारण तिथे दुसरा मार्गच नाही. त्या नावेत उलट्या कोणाकोणाला झाल्या, खाडीतल्या चिखलातून नावेपर्यंत कसे जावे लागले, हे त्यांनी पणतवंडांना पुष्कळ तपशिलाने ऐकवले आणि तिकडे झोपेला आलेली मुले टक्क जागी झाली.

दुसऱ्या दिवशी त्या पुलावरून निघून त्यांना चीओआ बाल्ड नावाच्या माथ्यावर चढायचे होते. उंचीत सुमारे हजार मीटरचा फरक, आणि तेही आदल्या दिवशी वल्ही मारून खांदे आखडलेले असताना. त्यांचे पाय मात्र, लेकीच्या मते, नव्यासारखे झाले होते. त्यानंतर नेहमीप्रमाणे फोन बंद झाला.

केनेबेकच्या काठी पोहोचायला त्यांना सप्टेंबर उजाडेल. त्या होडीला भाडे पडत नाही, हे कळल्यावर मात्र सासूबाई अस्वस्थ आहेत. नावाड्याच्या हातावर काही न ठेवता पार व्हायचे हे त्यांच्या हिशेबात बसत नाही. तेव्हा नदीकाठच्या कॅराटंक गावच्या टपाल कार्यालयात जाणाऱ्या खोक्यात लसूण शेवेची एक जादा पिशवी त्याच्या नावाने टाकायची, असे ठरले आहे. पिशवीवर 'तिखट' असे इंग्रजीत लिहिण्याची जबाबदारी नातीकडे दिली आहे.